चूर्णकक्षातील रज आणि निदानपरिवर्जन : धूळशोषण यंत्रणेची निवड

श्वासव्याधीच्या निदानांमध्ये चरकाचार्यांनी रज आणि धूम यांचा स्पष्ट निर्देश केला आहे. रुग्णाला आपण धुळीपासून दूर राहण्यास सांगतो. परंतु आपल्याच औषधनिर्माणशाळेत चूर्ण कुटणाऱ्या कामगाराच्या बाबतीत हा उपदेश आपल्याला आठवतोच असे नाही. आमच्या बाबतीत तसेच घडले. पल्व्हरायझरवर काम करणाऱ्या एका कामगारास वर्षभर कास होता. आम्ही त्यास सितोपलादी, तालीसादी देत राहिलो. सुट्टीच्या दिवशी बरे वाटते व कामाच्या दिवशी सायंकाळी त्रास वाढतो, हे त्याने सांगितले तेव्हा आमच्या लक्षात आले की, जे चूर्ण आम्ही त्यास मधातून देत होतो, तेच तो दिवसभर श्वासावाटे घेत होता. प्रस्तुत लेख त्या अनुभवातून लिहिला आहे.

१. धुळीचे स्वरूप

सुमारे १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतांशी नासा व कंठ येथेच अडकतात. त्याहून सूक्ष्म, विशेषतः ५ मायक्रॉनच्या आतील कण फुप्फुसात खोलवर जातात. डोळ्यांस दिसणारी धूळ खाली बसते, न दिसणारी हवेत तरंगत राहते. म्हणून ‘खोली स्वच्छ दिसते’ हे प्रमाण मानू नये. इसबगोल व सोनामुखी यांच्या धुळीने कामगारांस श्वास जडतो, हे वैद्यकास सुपरिचित आहे. कुचला, वत्सनाभ यांसारख्या विषद्रव्यांची व पारदयुक्त कल्पांची धूळ तर स्वतंत्र काळजीचा विषय आहे. त्यांची यंत्रणा काष्ठौषधींच्या यंत्रणेस कदापि जोडू नये.

२. प्रथम चूक

आम्ही आरंभी भिंतीत मोठा एक्झॉस्ट पंखा बसविला. धूळ कामगाराच्या तोंडावरून जाऊन मग बाहेर पडू लागली आणि शेजाऱ्यांच्या अंगणात पसरली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ मध्ये, धूळ जेथे उत्पन्न होते त्याच्या शक्य तितक्या निकट शोषण करावे, असे तत्त्व सांगितले होते. आमचा पंखा नेमका याच्या उलट काम करीत होता.

३. हवेचे गणित

विक्रेते बहुधा अश्वशक्ती सांगतात. आपण मात्र हूडपाशी किती हवा ओढली जाईल, हे विचारावे. साध्या उघड्या हूडसाठी सूत्र असे : हवा = वेग × (१० × अंतराचा वर्ग + हूडच्या तोंडाचे क्षेत्रफळ). चूर्ण भरणे, चाळणे यांसारख्या क्रियांत धुळीपाशी सेकंदास सुमारे ०.५ ते १ मीटर वेग लागतो.

उदाहरणार्थ, तोंडाचे क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर व वेग १ मीटर धरू. हूड ३० सेंटिमीटर दूर असल्यास ताशी ३६०० घनमीटर हवा लागेल. तोच १५ सेंटिमीटरवर आणल्यास ११७० घनमीटर पुरेल. म्हणजे मोठा ब्लोअर घेण्यापूर्वी हूड जवळ आणावे. यंत्रास शक्य तितके आच्छादन करावे आणि छताचा पंखा बंद ठेवावा, कारण त्याच्या झोताने हूडचे कार्य बिघडते. बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा गाळून आत येण्याची सोयही हवी.

डक्टमध्ये वेग सेकंदास सुमारे १८ मीटर असावा. कमी असल्यास चूर्ण नळीत साचते. वरील ११७० घनमीटरसाठी १५० मिलिमीटर व्यासाची नळी योग्य ठरते. आडव्या नळ्या व काटकोनी वळणे टाळावीत.

४. सायक्लोन की बॅग फिल्टर?

सायक्लोन स्वस्त व टिकाऊ असतो. परंतु सूक्ष्म कण त्यातून निसटतात. बॅग फिल्टर सूक्ष्म कण धरतो, मात्र कापड लवकर भरते. म्हणून आधी सायक्लोन व त्यामागे बॅग फिल्टर ही जोडी चूर्णकक्षास उपयुक्त आहे. कापडाच्या दर चौरस मीटरला मिनिटास सुमारे १.२ घनमीटर हवा धरली, तर आपल्या उदाहरणात १६ चौरस मीटर कापड लागेल. कमी कापड देऊन किंमत उतरविणारा प्रस्ताव स्वीकारू नये. प्रत्येक द्रव्यगटास पिशव्यांचा स्वतंत्र संच असावा, अन्यथा वेखंडाचा गंध शतावरीस लागेल. पिशवीत जमलेली धूळ पुन्हा औषधात मिसळू नये.

५. अग्निभय

वनस्पतिजन्य सूक्ष्म धूळ हवेत मिसळली असता ठिणगीने स्फोट होऊ शकतो. साखरेचीही गत तीच. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथे २००८ साली साखर कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ जण मृत्युमुखी पडले. सितोपलादीच्या ३१ भागांत १६ भाग खडीसाखर असते, हे लक्षात घ्यावे. अँटिस्टॅटिक पिशव्या, सर्व धातूभागांस अर्थिंग, कुटण्यापूर्वी लोहचुंबकाने खिळे वेगळे करणे व स्फोटाचा दाब सुरक्षित दिशेने बाहेर जाण्याची सोय असलेला संग्राहक या बाबी करारात लिहून घ्याव्यात.

६. खरेदीनंतर

बॅग फिल्टरवर दाबमापक असावा व त्याचे वाचन रोज नोंदवावे. दाब चढत गेल्यास पिशव्या तुंबल्या, एकाएकी उतरल्यास पिशवी फाटली असे समजावे. वर्षाकाळी आर्द्रतेने पिशव्या विशेष तुंबतात. कक्ष स्वच्छ व रिकामा असता, चूर्णयंत्र बंद ठेवून केवळ ब्लोअर चालू करावा व उदबत्तीचा धूर हूडकडे वळतो का, ते पाहावे. केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने सफाई करावी. मुखपट्टी ही साहाय्यक आहे, पर्याय नव्हे.

उपसंहार

हूड जवळ, वेग पुरेसा, कापड भरपूर, विषद्रव्यांची यंत्रणा निराळी, अर्थिंग पक्के. निवडीचे सार एवढेच. आमच्या त्या कामगारास आम्ही आधी पॅकिंग विभागात हलविले, नंतर यंत्रणा बसविली. त्याचा कास पुष्कळ कमी झाला असला तरी पूर्ण गेलेला नाही. एक वर्ष आधी त्याच्या कामाची जागा पाहिली असती, तर त्यास औषधाची गरजच कदाचित पडली नसती. निदानपरिवर्जन हा चिकित्सेचा पहिला उपक्रम आहे. त्याचा आरंभ आपल्याच चूर्णकक्षापासून व्हावा.