तलवारीवर तलवार आपटू नकोस

तात्यापारा, रायपूर

चि. सोनू,


कादंबरीचं तिसरं प्रकरण मिळालं. तू कुठले कुठले सिनेमे पाहिलेस ते त्यावरून बरोबर कळतं, आणि माझी तक्रार तीच आहे. रतनपूरच्या वेशीत तुझा मराठा सरदार आणि तिथला किल्लेदार चार पानं झुंजतात, ठिणग्या उडतात, आणि मध्येच दोघं धाप न लागता लांबलचक बोलतात.

सिनेमावाल्यांना तसं करावंच लागतं. नटाला इजा होऊ नये म्हणून वार अंगावर न करता पात्यावर करायचा आणि चेहरा दिसावा म्हणून ढाल लवकर टाकून द्यायची. तुझ्या कागदावर कॅमेरा नाही, मग ही बंधनं तू कशाला पाळतेस?

आपल्याकडच्या लढवय्याची भिस्त ढालीवर असे. गेंड्याच्या नाही तर म्हशीच्या कातड्याच्या ढालीवर वार झेलायचा आणि तलवार मोकळी ठेवायची. धारेवर धार आपटली तर दाते पडतात, म्हणून जाणता माणूस ते टाळतो. संग्रहालयात जुनी तलवार दिसली की मुठीच्या टोकाची वाटोळी गादी नीट बघ. ती मनगटाला टेकते, त्यामुळे ऑलिंपिकमधल्या फेन्सिंगसारखं मनगट फिरवून भोसकणं जमत नाही. वार खांद्यातून येतो, आणि वाकडं पातं लागल्यावर ते ओढून घेतलं की कापतं.

तलवार उपसताना तू ‘छन्न’ लिहिलं आहेस. आपली म्यानं लाकडाची, वरून चामडं किंवा मखमल. त्यातून असा आवाज निघत नाही. १८५३ साली नोलन नावाच्या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने निजामाच्या स्वारांबद्दल लिहून ठेवलं आहे. त्यांच्याकडे इंग्रजांनीच मोडीत काढलेली पाती होती. पण ती वस्तऱ्यासारखी पाजळून लाकडी म्यानात ठेवलेली असत आणि लढाईखेरीज बाहेर निघत नसत. खुद्द इंग्रजांच्या लोखंडी म्यानात धार बोथट होई.

पट्टा या शस्त्राबाबतही तुझी अशीच गफलत झाली आहे. त्याची मूठ म्हणजे मनगटाच्या वरपर्यंत हात झाकणारं लोखंडी कवच, आत धरायला आडवी दांडी. मनगट जखडलेलं, पातं लांब आणि लवचीक. त्यामुळे पट्टेकरी सगळं अंग आणि पाय वापरतो, गिरकी घेत चहूबाजूंना माणसांना लांब ठेवतो. पट्ट्याने समोरच्याची तलवार अडवून त्याच्या डोळ्यांत रोखून बघणाऱ्या वीराचा तुझा तो परिच्छेद सरळ काढून टाक.

कोल्हापूरला जाऊन मर्दानी खेळ जरूर पाहा. पण ती प्रात्यक्षिकं आहेत हे ध्यानात असू दे. जमिनीवर ठेवलेलं लिंबू फिरत्या पट्ट्याने कापणं ही हाताची फार मोठी परीक्षा आहे, फक्त लिंबू उलटा वार करत नाही. लढतीची गोडी आणि भीती कळायला आपल्या व्यायामशाळांतला फरीगदगा होता: चामड्याची छोटी ढाल, चामडं चढवलेली काठी, आणि समोर खरोखर मारायला उभा असलेला माणूस. पवित्रा आणि अंतर तिथे कळतं. आणि काठी व पातं यांतला फरक जपानी दिग्दर्शक कुरोसावाने ‘सेव्हन समुराई’मध्ये (१९५४) दाखवला आहे. काठ्यांच्या लढतीनंतर एकजण बरोबरी झाली म्हणून हट्ट धरतो, खऱ्या तलवारी मागतो आणि एका वारात मरतो. तो प्रसंग पुन्हा पुन्हा बघ. बराच वेळ दोघं नुसते उभे असतात.

आपल्याकडचा दाखला सभासदाच्या बखरीत आहे. सिंहगडावर तानाजी आणि उदेभान भिडले. तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर आली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली आणि त्यावर वार झेलले. दोघेही पडले. सभासदाला एवढं सांगायला मोजकी वाक्यं पुरली, पण तो हात वाचणाऱ्याला विसरता येत नाही. सिनेमात तोच प्रसंग कितीतरी लांबतो आणि त्या हाताचं काय झालं ते आपल्याला जाणवतही नाही.

आता तुझ्या रतनपूरबद्दल. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकर भोसल्यांची फौज घेऊन छत्तीसगडात उतरला, तेव्हा म्हातारा राजा रघुनाथसिंह एकुलत्या एक मुलाच्या शोकात बुडालेला होता. त्याने प्रतिकारच केला नाही. तोफांनी वाड्याचा भाग पाडला, तेव्हा एका राणीने तटावर चढून शरणागतीचं निशाण दाखवलं आणि दरवाजे उघडले, असं इथला इतिहास सांगतो. तुझ्या चार पानांच्या झुंजीपेक्षा हे कितीतरी दारुण आहे, आणि इथल्या मातीतलं आहे. किल्लेदाराच्या हातातली तलवार म्यानातच राहू दे. उपसायची तर पुढे कुठेतरी एकदाच उपसू दे, आणि ज्याला वार लागेल त्याला पुढच्या प्रकरणातही तो दुखू दे.

दिवाळीत ये, आपण रतनपूरला जाऊ. तोपर्यंत दुसरा खर्डा पाठव, बारीक अक्षरात नको. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा