झाकणावरची किंमत आणि पडवीतला खर्च

लाकडी जहाजाच्या किटच्या झाकणावर बहुधा तीन डोलकाठ्यांची, तोफांच्या रांगांची, सगळी शिडं उभारलेली युद्धनौका असते. नवशिक्याचं सर्वांत मोठं नुकसान त्या चित्रापाशीच होतं. इटलीच्या अमाती, मान्टुआ आणि कोरेल, स्पेनच्या आर्तेसानिया लातिना आणि ओक्रे, डेन्मार्कची बिलिंग बोट्स या जुन्या कंपन्यांची अशी मोठी किट्स साधारण पाचशे युरोंपासून हजाराच्या पलीकडे जातात आणि रोज तासभर बसणाऱ्या माणसाची दोन-तीन वर्षं खातात. अर्ध्या फळ्या मारून झाल्यावर उत्साह संपतो आणि जहाज माळ्यावर जातं. मालवण-वेंगुर्ल्याकडे माळ्यावर टाकलेल्या पातळ प्लायची एका पावसाळ्यात काय गत होते, ते इथल्या वाचकाला सांगायला नको.

तेव्हा पहिली खरेदी छोट्या, उघड्या होडीची करा. अमेरिकेच्या मॉडेल शिपवेज कंपनीची डेव्हिड अँटशेर्ल यांनी आखलेली तीन किट्सची मालिका यासाठीच आहे. पहिली सपाट तळाची मासेमारी होडी, एकास चोवीस प्रमाणातली, वीतभराहून जरा मोठी. दुसरी एकास बारा प्रमाणातली नॉर्वेजियन शिडाची होडी. तिसरी शेवंडं धरायची एका डोलकाठीची नौका. पहिलीत फळीवर फळी चढवायला हात बसतो, दुसरीत शीड आणि दोर येतात, तिसरीत साच्यांवर फळ्या वाकवायचं खरं काम सुरू होतं. शेवंड मालवणकरांच्या ओळखीचं, त्यामुळे तिसऱ्या नौकेशी नातं लवकर जुळेल. पहिली होडी रोज थोडं थोडं करत महिना-दीड महिन्यात पुरी होते, आणि पुरी झालेली एक होडी अर्धवट राहिलेल्या दहा युद्धनौकांपेक्षा जास्त शिकवते.

आता पैशांकडे येऊ. खालचे आकडे अंदाजाचे आहेत. दुकान, हंगाम आणि विनिमय दर यांनी ते मागेपुढे होणार.

किट मालवणात येण्याच्या वाटा तीन. सर्वांत स्वस्त वाट म्हणजे भारतीय ऑनलाइन दुकानांतली लेझरने कापलेली चिनी किट्स, दीड ते चार हजार रुपयांत. यांतली काही बरी असतात. काही मात्र युरोपीय कंपन्यांच्या नकाशांची सरळ नक्कल असते, सूचनांची पत्रिका धूसर छापलेली असते आणि एखादा भाग कमी निघाला तर विचारायला कोणी नसतं. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि माल कुठल्या देशातला हे पानावर दिलंय का ते बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ते द्यावंच लागतं. खोका उघडताना मोबाइलवर चित्रण करा आणि त्याच आठवड्यात यादीशी ताडून एकेक भाग मोजा. तीन महिन्यांनी सुकाणू सापडेना, तर दोष कुणाला देणार? तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे जायची वेळ आली तर जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही. परदेशी दुकानावर मात्र या सगळ्याचा जोर चालत नाही. तिथे कार्डानेच पैसे भरा, म्हणजे माल आला नाही तर बँकेकडे दाद मागता येते.

दुसरी वाट थेट परदेशातून मागवण्याची, आणि इथे हिशेब फसतो. नवशिक्यासाठीचं युरोपीय किट साठ ते शंभर युरोंचं असतं. समजा स्पॅनिश दुकानात ऐंशी युरो लिहिलंय. त्यात तिथला एकवीस टक्के व्हॅट धरलेला असेल तर भारतात पाठवताना तो वजा व्हायला हवा. चांगली दुकानं पत्ता टाकताच तो वजा करतात. राहिले सहासष्ट युरो. युरोला शंभर रुपये धरले तर सहा हजार सहाशे. कुरिअरचे तीन-साडेतीन हजार मिळवले की दहा हजार. जकात या पूर्ण दहा हजारांवर लागते, नुसत्या किटवर नाही. जकात मिळवून होणाऱ्या रकमेवर पुन्हा जीएसटी.

जकातीच्या वर्गवारीत एक गंमत आहे, जी खिशाला गमतीची वाटत नाही. ९५०३ या एकाच शीर्षकाखाली बाहुल्या, खेळण्यांच्या गाड्या आणि मोठ्या माणसांच्या छंदाच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती एकत्र येतात. खेळण्यांवरची मूळ जकात २०२० मध्ये वीसवरून साठ टक्के आणि २०२३ मध्ये सत्तर टक्के केली गेली. त्यातच २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसची खूण बंधनकारक झाली. स्वतःच्या वापरासाठी एखादंच पार्सल मागवणाऱ्याला वेगळा दर लागू होऊ शकतो, पण तो अर्थसंकल्पागणिक बदलतो. शिवाय पार्सल कुठल्या शीर्षकाखाली बसवायचं हे खिडकीपलीकडचा अधिकारी ठरवतो. म्हणून विक्रेत्याला आधीच कळवा की बिलावर ‘खेळणं’ लिहू नका, ‘चौदा वर्षांवरील व्यक्तींसाठी लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीचं किट’ असं खरं वर्णन आणि खरी किंमत लिहा. किंमत कमी दाखवायची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका, पार्सल अडकलं की सोडवताना तीच अंगाशी येते. कुरिअर कंपनी ओळखपत्र मागते, जकात आधी स्वतः भरते आणि हाताळणी शुल्क लावून दारात वसूल करते. एकूण काय, ऐंशी युरोंचं किट पडवीत येईपर्यंत पंधरा ते वीस हजारांचं होऊ शकतं, एवढी तयारी ठेवा. अमेरिकेहून ती तीस-पन्नास डॉलरची पहिली होडी मागवली तर टपालखर्चच होडीपेक्षा जास्त पडेल.

म्हणून तिसरी वाट सिंधुदुर्गाला सर्वांत सोयीची. दुबईत, मस्कतमध्ये किंवा न्यू जर्सीत कोणी नातेवाईक नाही असं घर या पट्ट्यात शोधावं लागेल. किट त्यांच्या पत्त्यावर मागवा आणि सुट्टीला येताना आणायला सांगा. प्रवाशाच्या सामानाच्या शुल्कमुक्त मर्यादेत लहान किट आरामात बसतं. दोनच सूचना द्या. पातं किंवा करवत सोबत असेल तर खोका हातातल्या बॅगेत ठेवू नये आणि बिल जवळ असावं.

हत्यारांसाठी परदेशी संच घेऊ नका. बारीक पात्याची सुरी, बारीक दातांची छोटी करवत, सुईकानशींचा संच, हाताने फिरवायचं छोटं ड्रिल, पोलादी पट्टी, चिमटा, चार नंबरांचे पॉलिशपेपर, कपड्यांचे लाकडी चिमटे आणि कागदाचे मोठे क्लिप, एवढं अडीच हजारांत बसतं. यातलं निम्मं कुडाळ-कणकवलीच्या हार्डवेअर दुकानांत मिळेल. उरलेलं मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर. गणपतीक येणारो चाकरमानी आधीच फोन करून “काय हाडू?” विचारतोच, त्याला यादी द्या. फळ्या वाकवायचं वेगळं विजेचं यंत्र विकत मिळतं, पण अर्धा तास कोमट पाण्यात भिजवलेली फळी तीनशे रुपयांच्या सोल्डरिंग आयर्नच्या दांड्यावर तेवढीच छान वाकते. फिरत्या टोकाचं विजेचं यंत्र पहिल्या वर्षी अजिबात घेऊ नका. त्याने वेळ वाचतो तो चुका जलद करण्यात.

डिंक म्हणाल तर सुताराचं साधं फेविकॉल पुरे. होडी पाण्यात सोडायची नाही, त्यामुळे महाग जलरोधक प्रकार लागत नाही. फेविक्विक मोहात पाडतं, पण दमट हवेत त्याची वाफ लाकडावर पांढुरकं पुट धरते आणि ते पॉलिशखालीही दिसतं. दर्शनी भागावर ते टाळाच.

खारी हवा आणि मिरग

किटची इंग्रजी पुस्तकं लिहिणारे लोक कोरड्या, उबदार खोल्यांत बसलेले असतात. आपल्या पडवीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत लाकूड पाणी पितं. त्या दिवसांत घट्ट बसवलेली फळी दिवाळीनंतर आटते आणि दोन फळ्यांमध्ये केसाएवढी फट उघडते. म्हणून पठाण (तळाचा कणा), साचे आणि फळ्यांचं सगळं काम नोव्हेंबर ते मे या काळात उरकावं. पावसाळा दोरांसाठी, डोलकाठ्या घासण्यासाठी, बारीक वस्तू करण्यासाठी ठेवावा. किट आल्याबरोबर मधला उभा कणा काचेवर आडवा ठेवून सरळ आहे का बघा. वाकला असेल तर वजनाखाली ठेवून बघा आणि तरी सरळ झाला नाही तर लगेच बदली मागा. तो वाकडा तर पुढे सगळंच वाकडं.

लाख आणि स्पिरिटचं पॉलिश दमट दिवशी दुधाळ होतं, ते ऊन पडलेल्या कोरड्या दिवसावर टाका. स्वस्त किटमध्ये येणारे लोखंडी खिळे सरळ बाजूला काढा. खाऱ्या वाऱ्यावर सहा महिन्यांत ते गंजतात आणि प्रत्येक खिळ्याभोवती तांबूस डाग उमटतो. शंभर-दीडशे रुपयांच्या पितळी टाचण्या घेतल्या की प्रश्न मिटला. काम नसताना होडी आणि फळ्या झाकणबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवाव्यात. जेलचा दोनशे रुपयांचा डबा भाजून पुन्हा पुन्हा वापरता येतो. पात्यांना तेलाचं बोट फिरवायला विसरू नका.

दोरांवर पैसे घालवायची गरज नाही, पण बंदरावरच्या दुकानातलं जाळ्याचं नायलॉन सूतही वापरू नका. ते ताणतं, चकाकतं आणि गाठ धरत नाही. शिंप्याचा सुती धागा मेणावरून ओढून पिळला की हवी ती जाडी मिळते. खऱ्या जहाजावरचा चोवीस मिलिमीटरचा दोर एकास अठ्ठेचाळीस प्रमाणात अर्धा मिलिमीटर होतो. हा हिशेब डोक्यात ठेवा, कारण जाड दोर लावलेली होडी लांबूनही खेळणं वाटते.

पेटीचा खर्च लोक शेवटी आठवतात, तोही धूळ बसल्यावर. दीड फूट लांब, आठ इंच रुंद, चौदा इंच उंच पेटीला जेमतेम सहा चौरस फूट काच लागते. काचवाल्याकडून कापून, लाकडी बैठकीसह दीड ते अडीच हजारांत होते. बैठकीचे कातीव पाय हवे असतील तर सावंतवाडीच्या चितार आळीकडे चक्कर मारा. लाकडी फळं आणि खेळणी घडवणाऱ्या कारागिरांचा हा भाग. अगदी घट्ट बंद पेटी मात्र करू नका, मागच्या फळीला दोन बारीक भोकं ठेवा, नाहीतर आतला दमटपणा आतच राहतो.

दुसरी होडी घरची

पहिलं किट पुरं झाल्यावर लगेच दुसरं मागवण्यापूर्वी किनाऱ्यावर बघा. रापणीची उलांडी लावलेली, काथ्याने फळ्या शिवलेली होडी हा जगातल्या नौकाबांधणीच्या अभ्यासकांना खुणावणारा नमुना आहे. फायबरच्या होड्यांपुढे ती आता मागे पडली. पण शिवणीची ही विद्या काही मेलेली नाही. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात बांधलेली आयएनएसव्ही कौंडिण्य ही शिवलेली नौका मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली.

मराठी माणसाचं मन मराठा आरमाराच्या गुराबाकडे ओढ घेतं, ते साहजिक आहे. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने गुराबाचं वर्णन करून ठेवलंय: दोन, क्वचित तीन डोलकाठ्या, मध्ये रुंद, पाण्यात कमी बुडणारं, आणि पुढे भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या जहाजांसारखी लांब निघालेली नाळ. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. पण वर्णनावरून नकाशा तयार होत नाही. बाजारात ‘आंग्र्यांचं गुराब’ म्हणून तयार प्रतिकृती विकायला कोणी आणली, तर आराखडा कशावरून घेतला ते विचारा आणि उत्तर ऐकून मगच किंमत बोला. स्वतः करायचं असेल तर भा. कृ. आपटे यांचा मराठा आरमारावरचा १९७३ चा इंग्रजी ग्रंथ आधी वाचा. पश्चिम किनाऱ्यावरच्या पत्तेमारीसारख्या नौकांचे मापासह आराखडे फ्रेंच नौदल अधिकारी पारी याने १८४० च्या दशकात छापले. त्यांवर आता कुणाचा हक्क नाही, प्रती मोफत मिळतात.

या दुसऱ्या होडीचं लाकूड जवळजवळ फुकट आहे, फक्त निवड नीट हवी. साग खऱ्या होडीला उत्तम, पण त्याच्या रेषा आणि छिद्रं लहान प्रमाणात राकट दिसतात. हेद किंवा शिवण घ्या, रेषा बारीक आणि कापणी स्वच्छ. सुताराकडे हेदाचे तुकडे पडलेले असतातच, शे-दोनशे रुपये आणि चहात काम होतं. वरच्या पातळ थरासाठी प्लायवूडच्या दुकानातून अर्ध्या मिलिमीटरच्या व्हिनिअरचा उरलेला तुकडा मागा. काथ्याची शिवण दाखवायला खरा काथ्या फार जाड पडतो, तपकिरी सुती दोरा मेण लावून वापरा.

मापं घ्यायची ती मेच्या अखेरीस, होड्या वर ओढल्यावर आणि झापांनी शाकारण्याआधी. मालक तेव्हा तिथेच असतो, त्याला आधी विचारा. लांबी, तीन ठिकाणची रुंदी, तीन ठिकाणची खोली, नाळेचा कोन, फळ्यांची संख्या आणि शिवणीच्या दोन टाक्यांमधलं अंतर, एवढं टिपलं की नऊ मीटरची होडी एकास चोवीस प्रमाणात साडेसदतीस सेंटिमीटरची कागदावर उतरते. मालकाने उलांडीचा बांध कसा घालतात ते दाखवलं तर तेही चित्रित करून ठेवा, ते कुठल्याच किटच्या पत्रिकेत नाही. आराखडा झेरॉक्सवाल्याकडे मोठ्या कागदावर काढून घ्यायला पन्नास-साठ रुपये लागतात. दोन प्रती काढा, एक कापून साच्यांवर चिकटवण्यासाठी.