तीस रुपयांचा रंग, तेरा हजारांचा सरंजाम: घरचे लूर एअरब्रशनं रंगवायचे तर

कोकणातल्या खाड्यांवर रॉड-रील घेऊन जिताडा, तांबोशी किंवा रावस धरणाऱ्या प्रत्येकाला एक हिशेब तोंडपाठ असतो. खारफुटीच्या मुळांत किंवा कालवांच्या खडकात लूर (माशाला भुलवणारा खोटा मासा) अडकला आणि दोरी तुटली, की आठशे रुपये गेले. नावाजलेल्या परदेशी कंपनीचा मिनो, म्हणजे लहान माशाच्या आकाराचा लूर, सहाशे ते हजार रुपयांना पडतो. दीडशे-दोनशेचे बिननावाचे लूरही मिळतात, पण मोठ्या जिताड्यानं ओढ घेतली की त्यांचे गळ सरळ होतात आणि खाऱ्या पाण्याच्या एका मोसमात रंगाचे पापुद्रे निघतात. म्हणून हल्ली बरेच जण लूर घरीच करू लागले आहेत.

लाकूड ही त्यातली सोपी बाब. पांगारा, सावर किंवा बाल्सा, काहीही हलकं चालतं. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पूर्वी पांगारा वापरत, त्याचं कारणही हेच: हलका आणि सुरीला मऊ. आतून स्टीलची तार, पोटात शिशाचा तुकडा, तोंडाशी पॉलिकार्बोनेटची जीभ, की अंग तयार. गाडं अडतं ते रंगाशी. ब्रशनं मारलेला रंग पाठीवरून पोटाकडे विरत जात नाही; मासा दिसायला लागतो तो या विरण्यामुळेच. त्यासाठी एअरब्रश हवा, आणि इथेच माणूस चुकीच्या जागी पैसे घालतो. माझं मत स्वच्छ आहे: रंग स्वस्तातला घ्या, हवा आणि वरचं कवच स्वस्तातलं घेऊ नका.

(खाली दिलेले दर साधारण आहेत. शहर, दुकान आणि ऑनलाइन सवलत यांप्रमाणे ते वर-खाली होतील.)

रंग

एअरब्रशसाठी खास बनवलेल्या परदेशी रंगाच्या 60 मिलीच्या बाटलीला सहाशे ते नऊशे रुपये पडतात. स्टेशनरीच्या दुकानात फेव्हिक्रिल किंवा कॅमलच्या ऍक्रिलिक क्राफ्ट रंगाची 15 मिलीची बाटली तीस ते चाळीस रुपयांना मिळते. मिलीमागे हिशेब केला तर स्वस्त रंग साधारण पाच पटींनी स्वस्त पडतो, हे आधी लक्षात घ्या. शिवाय तो गावातल्या दुकानात मिळतो, लागेल तेवढाच घेता येतो, आणि लूरसाठी आठ बाटल्या पुरतात: पांढरा, काळा, मोतिया, चंदेरी, सोनेरी, शेवाळी हिरवा, लाल आणि फ्लुरोसंट पिवळा. तीन-साडेतीनशे रुपयांत काम होतं. परदेशी रंगांत याच आठ छटा घ्यायच्या तर पाच-सहा हजार रुपये पहिल्याच दिवशी अडकतात.

स्वस्त रंगाची अडचण एकच. त्यातला रंगकण कमी बारीक दळलेला असतो आणि रंग कापडावर किंवा कॅनव्हासवर ब्रशनं लावण्यासाठी दाट ठेवलेला असतो. 0.3 मिमीच्या नोझलमधून तो बाटलीतून थेट कधीच जाणार नाही. उपाय घरातच आहे. एक भाग रंगात साधारण एक भाग पातळ करणारं द्रावण घालायचं आणि ते मिश्रण जुन्या नायलॉन मोज्यातून गाळून घ्यायचं. कपाच्या कडेवरून ते दुधासारखं ओघळलं, की बरोबर. द्रावण म्हणजे बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब. अल्कोहोलमुळे रंग पसरतो आणि लवकर सुकतो. ग्लिसरीनमुळे सुईच्या टोकावर सुकून बसत नाही. तिन्ही मिळून साडेतीनशे रुपयांच्या आत येतात आणि वर्षभर पुरतात. काही रंग मात्र अल्कोहोल पडताच फाटतात, गुठळ्या होतात. म्हणून नव्या बाटलीतला एक थेंब आधी झाकणात घेऊन पाहा, मगच कप भरा.

मोतिया आणि धातूसारख्या चमकणाऱ्या रंगांत अभ्रकाचे कण असतात. ते 0.3 च्या नोझलमध्ये हमखास अडकतात. एअरब्रश घेतानाच 0.5 मिमीची सुई आणि नोझल मागून घ्या. अडीचशे ते चारशे रुपये पडतात आणि या रंगांसाठी तोच सर्वांत उपयोगी खर्च आहे. चमकी घातलेले रंग एअरब्रशच्या वाटेला नेऊच नका.

हवा

एअरब्रश डबल ॲक्शनचा घ्या, म्हणजे एकाच चापानं दाबल्यावर हवा आणि मागे ओढल्यावर रंग. कप वर असलेला हवा. असा बिननावाचा एअरब्रश हजार ते दीड हजारात मिळतो आणि या कामाला पुरतो. दहा हजारांचा जपानी एअरब्रश सुंदर चालतो, पण त्याची बारीक रेघ गाळलेल्या क्राफ्ट रंगातून दिसणार नाही.

खरा प्रश्न कॉम्प्रेसरचा. हातात धरायचा, बॅटरीवरचा छोटा संच अठराशे ते अडीच हजारांत येतो. शिकायला ठीक आहे. पण त्याला टाकी नसते. हवा धक्क्याधक्क्यानं येते, दाब हवा तसा ठेवता येत नाही आणि दाट रंगाला जोर पुरत नाही. क्राफ्ट रंगाला 25 ते 30 पीएसआय सलग लागतो. तो सलग मिळतो तीन लिटरच्या टाकीच्या लहान पिस्टन कॉम्प्रेसरमधून, आणि तो साडेसात ते दहा हजारांना पडतो. तेवढ्याच पैशांत गॅरेजमधला 24 लिटरचा बिनतेलाचा कॉम्प्रेसरही येतो. त्याची हवा भरपूर, पण आवाज असा की फ्लॅटमध्ये शेजारी दार ठोठावतील. अंगण असेल तर तोच घ्या. टायरमध्ये हवा भरायचा पंप या कामाचा नाही.

कोणताही कॉम्प्रेसर घ्या, त्यावर मॉइश्चर ट्रॅप आहे का ते पाहा. किनाऱ्यावरच्या हवेत पाणी असतं. कॉम्प्रेसर ती दाबतो, पाइपात पाण्याचे थेंब जमतात आणि ऐन पाठीचा रंग चढवताना एक थेंब लूरवर येऊन पडतो. ट्रॅप वेगळा घेतला तर तीन-चारशे रुपये. जून ते सप्टेंबर टाकीचं खालचं बटण रोज दाबून पाणी सोडा.

पेणला गणपतीच्या कारखान्यात जायचा योग आला तर मूर्तीची कांती स्प्रे गननं मारणाऱ्या कारागिराचा हात जरूर पाहा. गन मूर्तीच्या बाहेर सुरू होते, अंगावरून जाते आणि बाहेर गेल्यावरच बंद होते. हात कुठेही थांबत नाही. लूर सहा इंचांचा असला तरी नियम तोच.

बोय अशी चढते

जिताड्याचं आवडतं खाणं म्हणजे बोय, म्हणून तिच्यापासून सुरुवात करावी. लाकडाला आधी सीलर, मग पॉलिश पेपर, मग स्प्रे कॅनमधला पांढरा प्रायमर (400 मिली, अडीचशे ते साडेतीनशे रुपये). पांढऱ्या अस्तराशिवाय मोतिया आणि फ्लुरोसंट रंग मळकट दिसतात. प्रायमर पूर्ण वाळू द्या. त्यावर बाजूंना मोतिया, त्यात चंदेरीचा अगदी थोडा अंश. पहिला हात लागला की नाही असं वाटेल इतका पुसट असावा. हेअर ड्रायर फिरवा, मग दुसरा हात.

आता खवले. ओढणीच्या दुकानातून अर्धा मीटर नेटचं कापड आणा, वीस-तीस रुपयांचं काम. ते लूरभोवती ताणून पोटाखाली कपड्यांच्या चिमट्यांनी घट्ट पकडा. सैल राहिलं तर कड पुसट होते. शेवाळीत थोडा काळा घालून वरच्या बाजूनं तिरका फवारा मारा, पोटावर अजिबात नको. ड्रायर मारून मगच कापड सोडा. खाली खवल्यांच्या रांगा उमटलेल्या असतात, पाठीवर गडद आणि बाजूला विरत गेलेल्या. बोयीच्या अंगावरच्या आडव्या रांगांमधल्या करड्या रेषा याच जागी दिसतात. शेवटी नेट न लावता पाठीच्या कण्यावर एकच काळसर हात, आणि कल्ल्याखाली लाल ठिपका.

लूर दोन-तीन इंचांवर धरा. रंगाला पाय फुटून तो ओघळला तर तुम्ही फार जवळ आहात किंवा रंग जास्त पातळ झाला आहे. पृष्ठभाग खरखरीत आला तर रंग हवेतच वाळतोय: अंतर कमी करा, नाहीतर द्रावण वाढवा. हा रंग वाळल्यावरही किंचित रबरी राहतो, त्यामुळे त्यावर पॉलिश पेपर मारू नका, तो गोळा होऊन निघतो. प्रत्येक रंगानंतर कपात पाणी घालून एअरब्रशमधून फवारा, आणि दिवस संपल्यावर सुई काढून पुसा. नोझल बिघडतात ते वाळलेल्या रंगानं. रंग स्वस्त असल्याचा त्यात दोष नाही.

फार छटांच्या मागे लागू नका. खाडीचं पाणी गढूळ, लूर हात-दोन हात खोल चालतो. तिथे उजेड-अंधाराचा फरक जास्त काम करतो. बोय, मांदेलीसारखा सोनेरी अंगाचा आणि काळ्या पाठीचा एक, आणि पांढऱ्या अंगाचा लाल डोक्याचा एक, एवढ्यावर माझा पूर्ण भरवसा आहे.

कवच

ऍक्रिलिक रंगावर कवच नसेल तर पहिल्याच माशाच्या दातांनी तो खरवडला जातो. दोन भागांचं पारदर्शक इपॉक्सी रेझिन दीडशे ग्रॅमला अडीचशे ते साडेतीनशे रुपये. एका लूरला दोन हात मिळून पाचेक ग्रॅम लागतं. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते नीट वाचा, आणि वजनाचं असेल तर तीन-चारशे रुपयांचा सोनारी डिजिटल काटा घ्या. अंदाजानं घातलेलं रेझिन चिकट राहतं. ते ओघळू नये म्हणून लूर सतत फिरत राहायला हवा. मायक्रोवेव्हच्या ताटाखाली असते तशी मंद फिरणारी मोटर दीड-दोनशे रुपयांना मिळते, तिला लाकडी पट्टी लावली की झालं. पावसाळ्याच्या दमट हवेत रेझिनवर मेणचट साय येते. ती कोमट पाण्यानं पुसून, वाळवून मगच दुसरा हात द्या.

गाड्यांसाठीचं दोन भागांचं पीयू क्लिअर याहून कडक होतं, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते घरात फवारू नका. दम्याचा विकार जडू शकतो आणि साधा मास्क त्याला अडवत नाही. ऍक्रिलिकच्या फवाऱ्याला एन-95 आणि उघडी खिडकी पुरे. स्प्रे कॅन आणि रेझिनसाठी कार्ट्रिजचा अर्धा मुखवटा घ्या, हजार ते अठराशे रुपये. हा खर्च ऐच्छिक समजू नका.

तयार लूर मऊ प्लॅस्टिकच्या किड्यांच्या डब्यात ठेवू नका. त्या मऊ प्लॅस्टिकमधला द्रव रंग आणि कवच खराब करू शकतो.

हिशेब

टाकीचा कॉम्प्रेसर साडेआठ हजार, एअरब्रश तेराशे, 0.5 चा संच साडेतीनशे, रंग चारशे, द्रावणं साडेतीनशे, प्रायमर तीनशे, रेझिन साडेतीनशे, मोटर आणि पट्टी अडीचशे, काटा चारशे, मुखवटा तेराशे, सफाईचे ब्रश दीडशे. बेरीज 13,650 रुपये. बॅटरीवरच्या संचानं सुरुवात केली तर हेच साडेपाच-सहा हजारांत बसतं.

एका लूरला लाकूड, तार, शिसं आणि जीभ मिळून तीस-पस्तीस रुपये, दोन चांगले तिहेरी गळ पन्नास, रिंगा आणि डोळे वीस, रंग दहा, कवच दहा. म्हणजे सव्वाशेच्या आत. आठशेच्या लूरशी तुलना केली तर प्रत्येक लूरमागे पावणेसातशे वाचतात आणि एकविसाव्या लूरला सरंजामाचे पैसे फिटतात. दोनशेच्या लूरशी तुलना केली तर फिटायला पावणेदोनशे लूर लागतील, म्हणजे पैशांच्या दृष्टीनं ते कधीच फिटत नाहीत.

त्यामुळे वर्षाला दहापेक्षा कमी लूर करणार असाल तर कॉम्प्रेसर घेऊ नका. पांढरा, काळा आणि सोनेरी असे तीन स्प्रे कॅन आणि तेच नेटचं कापड घ्या. हजार-बाराशेत लाल डोक्याचा सोडून बाकी दोन्ही लूर जवळपास तसेच उतरतात, आणि लाल डोकं ब्रशनंही उत्तम लागतं.