सही करण्याआधी

भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मी पाळीचा सुपरवायझर होतो. गाड्यांचे ब्रॅकेट काढायचं काम. आमच्या जुन्या 50 टनी पॉवर प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक पडायचा, म्हणजे हात आपोआप डायच्या बाहेर राहायचे. एका महिनाअखेरीला माल अडला आणि आम्ही एका बटणाला जंपर मारला. एक हात मोकळा झाला, ताशी नग वाढले. वायर इलेक्ट्रिशियनने जोडली, पण "जोड" मी म्हटलं होतं. आठवड्यापुरतं म्हणून केलेलं चार महिने तसंच राहिलं.

मग रात्रपाळीत ठेकेदाराच्या एका पोराची दोन बोटं गेली. हात तोच, आम्ही मोकळा केलेला. डायमधून त्याचा हातमोजा मी काढला. दोन बोटांच्या जागी तो कागदासारखा चपटा झाला होता.

सकाळी ऑफिसात अहवाल टाइप करून तयार होता: कामगाराने सूचना न पाळता हात आत घातला. जंपर रात्रीच निघाला होता. पोराची ईएसआयची नोंदही त्याच सकाळी झाली. मालक म्हणाले, "सही करा, दवाखान्याचा खर्च आपण करतोय ना." घराचे हप्ते होते, मुलीची दहावी होती. मी सही केली. दवाखान्यात गेलो तर तो पोरगा मलाच म्हणाला, "साहेब, माझीच चूक झाली." मी गप्प बसलो. सहीपेक्षाही ते गप्प बसणं मला जास्त छळतं.

सुपरवायझरच्या खुर्चीत बसलेल्यांना म्हणून सांगतो. सुरक्षेची सोय काढायला सांगितलं की तोंडी वाद घालत बसू नका. पाळीच्या रजिस्टरात तारीख, मशीन नंबर आणि सांगणाऱ्याचं नाव लिहा, पानाचा फोटो काढून ठेवा. लिहायचं म्हटलं की निम्मे आदेश तिथेच मागे घेतले जातात, हे मी पुढच्या नोकरीत पाहिलं. चालत्या मशीनचं संरक्षण जागेवर ठेवणं 1948 च्या कारखाना कायद्यापासून मालकाची जबाबदारी आहे, तेव्हा असं लिहिणं म्हणजे आगाऊपणा नव्हे.

नवा माणूस, मग तो ठेकेदाराचा का असेना, मशीनवर उभा करण्याआधी त्याचा ईएसआय नंबर विचारा. कामावर कायम अपंगत्व आलं, तर त्यातून त्याला तहहयात दरमहा रक्कम मिळते. आणि मालकाने नोंद केली नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. हे त्या पोराला तेव्हाच सांगायला हवं होतं.

मी खरं काय ते लिहून दिलं, पण तीन वर्षांनी. तोवर ती प्रेस भंगारात गेली होती.

तुमच्या टेबलावर असा तयार कागद आला, तर पेन खाली ठेवा. आधी मशीनपाशी जाऊन या, आणि त्या पोराला भेटा.