काजूचा रोठा आणि शेजाऱ्याची बाग

काजूचे झाड एका दिवसात मरत नाही. आधी एका फांदीची पाने पिवळी पडतात, मग ती गळतात. आपण म्हणतो, ‘पाणी कमी पडले असेल.’ पुढच्या वर्षी अर्धे झाड उघडे होते आणि तिसऱ्या वर्षी कुऱ्हाड घेऊन जावे लागते. अशा झाडाचा बुंधा पाहिला की बहुतेक वेळा खरे कारण सापडते. ते म्हणजे खोड व मूळ पोखरणारी अळी. कोकणात तिला रोठा म्हणतात. या पाठात आपण तिच्याविषयी आणि तिला पोसणाऱ्या आपल्या सवयींविषयी विचार करू.

रोठा कसा येतो?

लांब मिशांचा तपकिरी भुंगेरा सालीच्या भेगांत व उघड्या पडलेल्या मुळांवर अंडी घालतो. साधारण जानेवारीपासून मेपर्यंत, म्हणजे आपल्या काजूच्या हंगामातच, त्याचे हे काम जोरात चालते. अंड्यातून निघालेली पांढरट अळी सालीखाली शिरते आणि आतला जिवंत भाग खात फिरते. झाडाचे अन्न याच भागातून मुळांकडे जाते. तो भाग चारी बाजूंनी खाल्ला गेला की झाड उपाशी मरते. पुढे अळी लाकडात कोष करते आणि नवा भुंगेरा बाहेर पडून दुसरे झाड शोधतो.

खुणा तीन आहेत : बुंध्याशी पडलेला तांबूस भुसा, सालीतून गळणारा डिंक आणि पिवळी पाने. भुसा दिसला तेव्हा वेळ असते. पाने पिवळी पडली म्हणजे बहुधा उशीर झालेला असतो.

काय करावे?

भुसा दिसेल तिथली साल पटाशीने हलकेच सोलावी. अळीच्या वाटेने जाऊन तिला तारेच्या आकड्याने बाहेर काढावे व मारावे. चांगली साल उगाच कापू नये. मग बुंध्याला जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीपर्यंत आणि उघड्या मुळांना कडुलिंबाचे तेल लावावे. एक लिटर पाण्यात ५० मिलिलिटर तेल व थोडा साबण पुरे. मुळांवर माती ओढावी, बुंध्याभोवतीचे रान काढावे आणि कोयत्याचा घाव सालीला लागू देऊ नये.

पण बुंध्याची निम्म्याहून अधिक साल खाल्ली गेली असेल, तर ते झाड वाचत नाही. ते मुळासकट काढावे. ‘राहू दे, पुढे सरपण होईल’ म्हणून उभे ठेवलेले झाड म्हणजे रोठ्याचे पाळणाघर. खोड व जाड मुळे फोडून अळ्या, कोष नष्ट करावेत आणि लाकूड ताबडतोब चुलीला किंवा भट्टीला लावावे.

काही जण घाईने जहाल औषध फवारतात. फवारा पानांवर पडतो आणि अळी असते सालीखाली. मग उपयोग कसा व्हावा? केरळातील कासरगोडच्या काजूबागांवर ढेकण्या किडीसाठी अनेक वर्षे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. तेथील माणसांनी त्याची किंमत आजारपणाने व मुलांच्या अपंगत्वाने मोजली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर देशभर बंदी घातली. तेव्हा कोणतेही औषध कृषी अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय घेऊ नये.

भावाचा याच्याशी काय संबंध?

फार जवळचा आहे. आपल्या देशातील कारखान्यांना देशी बी पुरत नाही, म्हणून आयव्हरी कोस्ट, टांझानिया अशा आफ्रिकी देशांतून बी येते. २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजूवरील आयात शुल्क ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आणले गेले. कारखानदाराला दिलासा मिळाला, पण बाहेरचा माल स्वस्त झाला की आपल्या बीचा भाव दबतो. भाव दबला की मजुरी परवडत नाही, बाग रानात जाते आणि त्या रानात रोठा वाढतो. भुंगेऱ्याला सर्व्हे नंबर कळत नाही. कुंपणापलीकडची पडीक बाग आपली राखलेली बागही पोखरते.

म्हणून आधारभूत किमतीची योजना केवळ खिशाची गोष्ट नाही. गोवा सरकारने २०२३ मध्ये ही किंमत किलोला १२५ वरून १५० रुपये केली. बाजारभाव त्याहून कमी असल्यास मधला फरक बागायतदाराला मिळावा, असा योजनेचा हेतू आहे. पण त्यासाठी विक्रीची पावती लागते. दारावर येणाऱ्या व्यापाऱ्याला चिठ्ठीवाचून बी दिली, तर मागणार कशाच्या आधारे? आपल्या विभागीय कृषी कार्यालयात चालू वर्षाचा दर व कागदपत्रे यांची चौकशी हंगामापूर्वीच करावी. खानापूरकडील बंधूंना ही योजना लागू नाही. त्यांनी तर एकत्र येऊन माल विकण्याचा विचार अधिकच करावा.

हिशेब करून पाहा. एक झाड वर्षाला ८ किलो बी देते असे धरा. १५० रुपयांनी १,२०० रुपये झाले. पाच झाडे गेली तर वर्षाला ६,००० रुपये बुडाले. नवे कलम लावले तरी ते तिसऱ्या वर्षी धरू लागते आणि पूर्ण उत्पन्नाला आणखी काही वर्षे जातात. त्यापुढे पटाशी व तेलाचा खर्च तो किती?

शेवटी एक सुचवावेसे वाटते. हंगामात बी वेचायला घरातील बायका-मुले रोज प्रत्येक झाडाखाली वाकतात. त्यांच्याइतके बुंध्याजवळ कोणीच जात नाही. त्यांना भुशाची खूण दाखवून ठेवा आणि भुसा दिसलेल्या झाडाला चिंधी बांधायला सांगा. संध्याकाळी पटाशी घेऊन त्या झाडाकडे जा. आणि शेजारची बाग पडीक असेल, मालक मुंबईला किंवा आखातात असेल, तर भांडण न करता त्याला कळवा. मेलेली झाडे काढण्याची परवानगी मागा. त्याचे झाड आपण काढले, तर वाचते ती आपलीच बाग.