कंबर म्हणजे बीम नव्हे!

सेकंड इयरला माझी कंबर धरली. शीट काढताना तासन् तास वाकून बसल्यामुळं असेल म्हणून सोडून दिलं. पण सबमिशन संपलं तरी दुखणं हलेना. आई म्हणाली, "वाकू नको, काही उचलू नको, पडून राहा." मी तेच केलं अन् फसलो! शेवटी पाण्याची बादली उचलायचीही भीती वाटू लागली. प्रॅक्टिकलला उभं राहवेना. वर्ष जातंय की काय, असं झालं.

बारा आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या कंबरदुखीला जुनाट म्हणतात. बहुतेकांत तिचं एकच ठरावीक कारण सापडत नाही. एमआरआयमध्ये मणक्यातली गादी फुगलेली दिसली की आपण गळपटतो. पण १९९४ मध्ये अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय प्रसिद्ध झाले, त्यांतही निम्म्याहून अधिकांची गादी फुगलेली होती!

आपण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकलेली माणसं. मणक्याला बीम समजतो. बीम पुन्हापुन्हा भार घेऊन थकतो. स्नायूंचं उलटं आहे. बेतानं भार वाढवला तर ते बळकट होतात, विश्रांतीनं मात्र ढिले पडतात.

२०२१ मध्ये २४९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. व्यायाम न करण्यापेक्षा केल्यानं दुखणं कमी होतं, असं त्यात दिसलं. जादू नव्हे, पण फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये व्यायाम सुचवला. कंबरपट्टा आणि ट्रॅक्शन मात्र नेहमीचा उपाय म्हणून नको म्हटलं. पुण्याच्या अय्यंगार गुरुजींच्या पद्धतीचा योगही अमेरिकेत ९० रुग्णांवर तपासला गेला (२००९), त्यातही गुण आला.

मी काय केलं? उताणं झोपून, गुडघे मोडून कंबर उचलायची, पाच आकडे मोजायचे, असं दहादा. मग रांगण्याच्या स्थितीत एक हात आणि विरुद्ध पाय लांब करायचा. शिवाय सकाळी आष्ट्याच्या उसाच्या मळ्यांकडं चालायला जायचं, आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही जास्त दुखलं तर प्रमाण कमी करायचं, बंद नाही.

मात्र पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिरपणा आला, लघवी-संडासवर ताबा राहिना, ताप असेल किंवा अपघातानंतर दुखत असेल, तर व्यायाम राहू दे, आधी डॉक्टरांकडं पळा.

मला फरक कळायला दोन महिने लागले. आता बादली मीच भरून आणतो, अंगाजवळ धरून. रूममधले दोघं सकाळी चालायला येतात. तिसऱ्याला उठवणं अजून जमलेलं नाही.