बोरमाळ उकळायची नसते

पांढुर्ण्यात पोळा झाला, दुसऱ्या दिवशी जाम नदीवरची गोटमार आटोपली, की घरोघरी महालक्ष्म्यांची तयारी सुरू होते. कपाटातले डबे खाली येतात. देवीला घालायचे आणि घरच्या बायांनी अंगावर घालायचे दागिने एकाच दुपारी धुवायला निघतात. हाताने घडवलेल्या जुन्या दागिन्यांचं सगळ्यात जास्त नुकसान याच दिवसांत होतं आणि ते धुण्यानेच होतं, असं माझं पक्कं मत झालंय.

आमच्या जाऊबाईंनी सासूबाईंची बोरमाळ मोबाईलवर पाहिलेल्या पद्धतीने साफ केली. पातेल्यात ॲल्युमिनियमची पन्नी अंथरली, खायचा सोडा आणि मीठ टाकलं, वरून उकळतं पाणी ओतलं. चांदीची निरांजनं त्यात झकास निघाली, म्हणून मागोमाग बोरमाळही सोडली. माळ वर काढली तेव्हा चमकत होती. संध्याकाळी घालायला घेतली, तर मणी बोटांना चिकटायला लागले. भोकांतून तपकिरी ओघळ येऊन दोऱ्यावर थिजले होते आणि दोन-तीन मणी नुसत्या चिमटीने चेपले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या वर्षी त्यांनी गळ्यात काही घातलं नाही.

आमच्या सोनारकाकांनी एक चेपलेला मणी चिमट्यात धरून दाखवला. सोन्याचा पापुद्र्यासारखा पातळ पत्रा, दोन वाट्या एकमेकींना डाक देऊन जोडलेल्या. "वैनी, हे भरीव सोनं नोहे. आतमंदी लाख हाय. उकळत्या पाण्यात नोका टाकत जाऊ," ते म्हणाले. थोड्या सोन्यात टपोरा मणी घडवायचा आणि तो चेपू नये म्हणून आत लाख भरायची, ही आपल्याकडची जुनी कारागिरी. बोरमाळ, पुतळ्या, कुंदनकाम, अशा कितीतरी जुन्या घडणीत लाख असते. लाख 65-70 अंश सेल्सिअसला मऊ पडते, 75-80 अंशांना वितळते. उकळतं पाणी 100 अंशांचं. त्यात सोडा असला तर आणखी वाईट, कारण लाख खारात विरघळते. स्पिरिटमध्येही विरघळते, म्हणून सॅनिटायझरचा हात किंवा अत्तराचा फवारा अशा माळेवर नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा 40 च्या वर असतो. बंद गाडीत दागिन्याचा डबा ठेवून लग्नात जेवायला बसू नका.

मग साफ कसं करायचं? लाखेचा दागिना बुडवायचाच नाही. जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं फडकं ओलं करून घट्ट पिळायचं, मणी एकेक करून पुसायचा, लगेच कोरड्या फडक्याने टिपायचा आणि सावलीत पसरून ठेवायचा. पटव्याने रेशमात गाठवलेली माळ ओली असताना खुंटीला टांगली, तर तिच्याच वजनाने दोरा ताणतो. दोरा मळला, सैल पडला, तर धुण्याच्या भानगडीत न पडता पटव्याकडून नव्याने गाठवून घ्यावी.

भरीव सोनं मात्र सोसतं. पाटल्या, गोठ, अंगठ्या यांना रिठ्याचं गाळलेलं कोमट पाणी आणि लहान मुलांचा मऊ ब्रश पुरे. 22 कॅरटमध्ये हजारात 916 भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. काळपटपणा येतो तो या तांब्या-चांदीमुळे, शिवाय घाम आणि हळदी-कुंकवाचा थर. मोरीवर धुऊ नका, परातीत धुवा. टूथपेस्ट आणि राख या दोन्हींना माझा ठाम विरोध आहे. दोन्ही घासून चकाकी आणतात, म्हणजे दागिनाच झिजवतात. मुलामा असेल तर दोन-चार सणांत तो निघून खालचं तांबं दिसतं.

नथीतला, चिंचपेटीतला मोती लिंबू-चिंचेपासून दूर ठेवा. तांब्याच्या गडव्याला जे चालतं ते मोत्याला चालत नाही. मोती चुन्याच्या जातीचा, आंबट लागलं की त्याचं पाणी उतरतं आणि परत चढत नाही. नथ उतरवली की ओलसर फडक्याने पुसून सुती कापडात गुंडाळावी, एवढंच तिला लागतं.

आता चांदी. हवेतल्या गंधकाच्या वाफांनी चांदी काळी पडते. रबरबँडनेही पडते, म्हणून पैंजणांची जोडी रबराने बांधू नये. पन्नी-सोड्याची युक्ती खरी आहे. गंधक चांदी सोडून ॲल्युमिनियमला धरतं आणि झिजेविना चांदी मोकळी होते. साध्या वाट्या, ताटं, निरांजनं यांच्यासाठी ती जरूर वापरा. पण नक्षीचे तोडे, वाळे, करदोडे त्यात टाकू नका. नक्षी उठून दिसावी म्हणून कारागीर खाचांत मुद्दाम काळं ठेवतो. ते गेलं की वेलबुट्टी सपाट दिसते. अशा दागिन्याचा वरचा भाग तेवढा फडक्याने उजळावा.

सगळ्यात मोठं संकट मात्र दारावर येतं. सौंसरला आमच्या आत्याकडे भर दुपारी, पुरुष मंडळी संत्र्याच्या बागेत असताना, दोन तरुण पावडर विकायला आले. आधी समई फुकट घासून दिली, मग पैंजण. विश्वास बसल्यावर पाटल्या मागितल्या, कुठल्याशा पाण्यात बुडवल्या, नंतर हळदीच्या पाण्यात घालून डबा बंद केला आणि सांगितलं, थंड होईपर्यंत उघडू नका. पाटल्या निघाल्या पिवळ्याधमक, पण सोनाराच्या काट्यावर हलक्या भरल्या. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल 1 ला 3 या प्रमाणात मिसळलं की त्यात सोनं विरघळतं. ते दोघं पाण्याबरोबर आत्याचं सोनं घेऊन गेले होते. आत्याला लाज वाटली आणि तिने तक्रार केली नाही. याचंच मला जास्त वाईट वाटतं. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी.

1 एप्रिल 2023 पासून दुकानातून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी असतो आणि बीआयएस केअर ॲपवर तो तपासता येतो. आजी-सासूकडून आलेल्या दागिन्यावर असं काही नसतं. त्याचं वजन आणि फोटो हाच त्याचा पुरावा. म्हणून या महालक्ष्म्यांच्या आधी प्रत्येक दागिना ओळखीच्या सोनाराकडे तोलून घ्या, वजन वहीत लिहा, आत लाख आहे का तेही विचारून लिहा. दुकानात पॉलिशला दिला तर आधी आणि नंतर आपल्यासमोर काट्यावर ठेवायला सांगा. आणि दारावर पॉलिशवाला आला तर समईसुद्धा हातात देऊ नका, शेजारणीला हाक मारा आणि 112 ला फोन करा.